टाकण्याआधी पालथा करून बघा

मी बोलतोय, तर नीट कान द्या. गोड बोलायची मला सवय नाही. मी तळहाताएवढ्या एका पट्टीवर मावलेला अख्खा कॉम्प्युटर. ना पडदा, ना पेटी. त्रिशूरजवळच्या आमच्या गावात, वाचनालयाच्या टेबलाखाली माझा मुक्काम.

काम एकच. रोज सकाळी इंटरनेटवरून मल्याळम पेपर घ्यायचा आणि मोठ्यानं वाचायचा. ऐकायला राघव मारार. त्यांचा जन्म देवळापुढे चेंडा हा ढोल वाजवण्यात गेला, म्हातारपणी डोळे गेले. सगळे त्यांना आशान, म्हणजे गुरुजी, म्हणतात. बातमी आवडली नाही की शिव्या मला, जसं सरकार मीच चालवतो.

पुढे मला घडवणारी कंपनी बुडाली. तिनं माझ्यात घातलेली ऑपरेटिंग सिस्टिम कुलूपबंद, आणि किल्ली तिच्याबरोबरच गेली. पेपरवाल्यांनी इंटरनेटवर पेपर द्यायची नवी रीत धरली, ती माझ्या जुन्या सिस्टिमला उमजेना. मी मुका झालो.

"मेला हा," वाचनालयाचे सेक्रेटरी औसेप म्हणाले. "रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू."

"आणि मला पेपर कोण वाचणार? तू?" आशान कडाडले. "तू फक्त फुटबॉलचं पान वाचतोस, तेही मनातल्या मनात!"

पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या लीलामणी टीचर तिथंच होत्या. "रविवारपर्यंत मला द्या," म्हणाल्या आणि मला पिशवीत टाकलं.

जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी एक उघडी सिस्टिम आहे. ती माझ्यात घालायची होती. पण ती मला ओळखत नव्हती. माझे कान कुठे, तोंड कुठे, हे तिला कुणीतरी आधी लिहून द्यावं लागतं. ती माझी कुंडलीच म्हणा. त्याच कंपनीत घडलेल्या माझ्या थोरल्या भावाची कुंडली तयार होती. दिसायला आम्ही सारखे, म्हणून टीचरनी त्याचीच मला लावली. घोळ झाला तो इथं.

मी सुरू व्हायचो, टीचरच्या पडद्यावर चार ओळी बोलायचो आणि मध्येच गप्प. परत सुरू, परत गप्प.

"अरे, दुखतंय कुठे ते तरी सांग!" टीचर म्हणायच्या.

सांगणार काय, कपाळ? भिंत आली तरी चालत राहा म्हटलं, तर चालू कसा?

शेवटी टीचरनी ती उघडी सिस्टिम करणाऱ्या मंडळींची रीत पाळली. तिथं झाकपाक नाही. अर्धवट कामसुद्धा मेलवर सगळ्यांपुढे मांडायचं आणि सगळ्यांपुढेच बोलणी खायची. शनिवारी ब्राझीलहून कुण्या एव्हाल्डोचं उत्तर आलं.

"बाई, ही कुंडली याच्या भावाची आहे. बोर्ड पालथा करून बघितलात का? नसेल, तर आमचा वेळ का खाता?"

टीचरचे कान लाल झाले. हलू नये म्हणून त्यांनी मला लाकडी फळीला चिकटवून ठेवलं होतं, पाठ कोण बघणार? त्यांनी मला उचकटलं. पाठीवरच्या चिपवर छापलेलंच होतं. माझी मेमरी भावाच्या निम्मी. सिस्टिम मला नसलेल्या जागेत पाय टाकायला लावत होती.

आणि त्या खडूस एव्हाल्डोनं बोलण्यांच्या खाली दुरुस्त करून दिलेल्या ओळीही पाठवल्या होत्या. शिव्या वर, औषध खाली. असा माणूस मला आवडतो.

रविवारी भंगारवाल्याची गाडी दारात, औसेपच्या हातात पोतं. टीचरनी मला जोडलं. मी पहिली बातमी वाचली. आशानांनी मान तिरकी केली.

"आवाज बेडकासारखा झालाय."

"मग नवाच घेऊ या का, आशान?" औसेपनी पोतं उघडलं.

"गप रे! बेडकाला वाचू दे."

औसेपनी पोतं घडी करून त्यावर बसकण मारली आणि तेही ऐकू लागले.

आता त्या उघड्या सिस्टिममध्ये माझी खरी कुंडली कायमची नोंदली गेली आहे. जगात कुठंही माझ्यासारखा निम्म्या मेमरीचा पडला असेल, तो उठू शकतो. एव्हाल्डोला ना मल्याळम येत, ना आशान माहीत. तरी रोज सकाळी इथं पेपर वाचला जातो, तो टीचरच्या आणि त्याच्या जिवावर. हात जोडायला मला हात नाहीत. एक हिरवा दिवा आहे, तो लुकलुकतो. तोच नमस्कार समजा.

आणि तुमच्या खणात माझा कुणी भाऊ पडला असेल, तर टाकण्याआधी एकदा पालथा करून बघा. चला, आशान आले. आज काय शिव्या पडतात बघू.