अर्धी मिशी

“शिरलं! परत पाणी शिरलं!” शिडीला लटकलेले साहेब ओरडले आणि नाकातून समुद्र बाहेर काढू लागले.

मास्कवाल्या काकांनी वरून वाकून पाहिलं. काचेच्या आत पाणी भुवयांपर्यंत चढलं होतं आणि त्यात साहेबांचे डोळे प्रयोगशाळेतल्या बरणीत ठेवलेल्या नमुन्यासारखे तरंगत होते.

“मिशीमुळे होतंय, साहेब,” काका अत्यंत अदबीनं म्हणाले. “रबर कातडीला घट्ट चिकटायला हवं. तुमच्याकडे मध्ये केस येतात. पाण्याला तेवढी फट पुरते.”

“मग यावर काही उपाय?”

उपाय काकांच्या खिशात होता. व्हॅसलीनची चपटी डबी. इतकी वर्षं मिशीवाला प्रवासी आला की काका त्याच्या ओठावर बोटभर व्हॅसलीन थापत, वर मास्क दाबत, आणि गडी कोरड्या नाकानं मासे बघून येई. आजही सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यानं डबी चाचपली, आणि तो रिकामाच बाहेर आला.

“उपाय एकच,” काका म्हणाले. “मिशी काढावी लागेल.”

बोटीवरच्या सगळ्या माना एकदम त्या मिशीकडे वळल्या.

ही बोट पार्टीची होती. सकाळी धक्क्यावरून निघायचं, प्रवाळापाशी नांगर टाकायचा, प्रवाशांनी तोंडात नळी धरून रंगीत मासे बघायचे, मग बार उघडायचा, आणि मग मासे कुणाच्या लक्षात राहायचे नाहीत. पूर्वी बार आधी उघडत असे. पण एका प्रवाशानं दोन पेल्यांनंतर पोहायचे बदकासारखे रबरी पाय हातांत घालून उडी मारली, तेव्हापासून कप्तानानं नियम केला. अंगात लाइफ जॅकेट असलेला शेवटचा माणूस पाण्यात जाऊन परत येत नाही किंवा जॅकेट उतरवून ठेवत नाही, तोवर बारला कुलूप. किल्ली बार सांभाळणाऱ्या ताईच्या गळ्यात.

बाकी सगळे कधीच मासे बघून आले होते. टॉवेल गुंडाळून कुलपाकडे बघत बसले होते. आणि त्यांच्या व थंडगार पेल्याच्या मध्ये आता फक्त एक मिशी उभी होती.

ताई काकांच्या कानाशी आली. “काका, डबी कुठंय?”

“हरवली.”

“मग खिशात काय फुगलंय?”

“राग,” काका म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, किल्ली गळ्यात आत सारली आणि लिंबं चिरायला निघून गेली. बारमागे उभं राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी येतात, पेला भरणं आणि तोंड मिटणं.

साहेब म्हणजे काकांचे सख्खे थोरले भाऊ.

सकाळी बोटीत चढताना प्रत्येकानं आपली पादत्राणं टोपलीत टाकायची पद्धत होती. टोपली काकांच्या हातात. दादा आला, मागे वहिनी, त्यांच्यामागे मुलीचे सासरे, म्हणजे व्याही. दादानं बूट काढले, मान वर केली, आणि समोर धाकटा भाऊ उभा. मिशीचं डावं टोक थरथरलं. काकांच्या तोंडातून ‘दादा’ बाहेर पडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, “जरा जपून ठेवा हं. नवीन आहेत.”

‘ठेवा’! ज्यानं लहानपणी यांना कान धरून पोहायला शिकवलं, त्यानं आज जन्मात पहिल्यांदा अहोजाहो केलं होतं. वहिनीनं चपला टोपलीत ठेवल्या आणि त्या सरळ करण्याच्या निमित्तानं गरजेपेक्षा बराच वेळ खाली वाकून राहिली.

पुढे व्याह्यांच्या जॅकेटचे पट्टे आवळताना काकांना उरलेली बातमी कळली. व्याही मोकळ्या स्वभावाचे होते. दाढीमिशी सफाचट, पोट बाहेर, आवाज त्याहून बाहेर.

“आमच्या व्याह्यांना जरा सांभाळा बरं का. एकुलते एक आहेत. ना भाऊ, ना बहीण. लाडात वाढलेत!”

“असं होय?” काका म्हणाले आणि पट्टा एक भोक जास्त आवळला. व्याह्यांचा त्यात काही दोष नव्हता, पण राग असाच असतो. आधी जवळच्या पोटावर निघतो.

एकुलता एक. आई गेली तेव्हाही हेच धोरण होतं म्हणायचं. दादाचा फोन आला होता तो सगळं आटोपल्यावर. “तू तिकडे बोटीवर उघडा नाचतोस, इथे मोठमोठी माणसं भेटायला येत होती. उगाच विषय निघाला असता. आता येऊन तरी काय करणार?” आई किती दिवस अंथरुणाला होती, तिनं काही विचारलं का, हे पुसायच्या आत फोन ठेवला गेला.

त्या दिवशी काकांनी समुद्राला साक्षी ठेवून पण केला होता की कधीतरी याची मिशी उतरवीन. तीही अर्धीच. पूर्ण उतरवली तर माणूस सभ्य दिसतो. अर्धी उतरवली की मात्र त्याला घरी जाईपर्यंत कुठेही तोंड दाखवता येत नाही. असा पण करायला काय लागतं? समुद्र असले पण रोज ऐकतो. त्यातला एखादा पुरा करायला तो गिऱ्हाईक आणून देईल, असं काकांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“मिशी वगैरे काही काढायची नाही,” शिडीवरून वर आलेले साहेब म्हणाले. “मी जॅकेट उतरवतो.”

इथेच सगळं संपलं असतं, पण व्याही होते.

“अरेरे! घाबरलात होय? मी म्हटलंच होतं घरी. म्हटलं, आपले व्याही फायलीत पोहणारे. कासव पाहिलं हो मी, एवढं मोठं! आता जन्मभर तुम्हाला त्याचंच वर्णन ऐकवणार.”

साहेबांनी धमकीचं गांभीर्य ओळखलं. जॅकेटच्या पट्ट्याकडे गेलेला हात थांबला.

“काढा हो!” टॉवेलातून कुणीतरी ओरडलं. “मिशी काय, परत येते!”

“आमचा बर्फ वितळतोय!”

“मतदान घ्या!”

शेवटचा घाव वहिनीनं घातला. ती कोपऱ्यात टोपी सावरत बसली होती. “काढाच,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून मला उत्सुकता आहे, खाली कोण आहे.”

बोट हसून हसून एका अंगाला कलली. कप्तानानं स्वतःचा दाढीचा डबा पाठवून दिला, ब्लेड नवं घालून. साहेबांना खुर्चीत बसवलं. काकांनी पितळी वाटीत फेस केला आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्या भावाचं नाक दोन बोटांत धरून वर केलं.

मिशी बाबांच्या वळणाची होती. कोवळी लव फुटल्या दिवसापासून दादानं ती वाढवली, त्यामुळे तिच्याखाली काय आहे हे घरात कुणीच पाहिलं नव्हतं. फेसाखाली ती भिजल्या मांजरासारखी निपचित पडली.

“हलू नका. ब्लेड नवं आहे.”

दादानं ओठ न हलवता, दातांच्या फटीतून आवाज काढला. “व्याही बसलेत समोर. समजून घे जरा.”

“समजूनच घेतोय.” काका पुटपुटले. बाकीच्यांना वाटलं, न्हावी आणि गिऱ्हाईक हवापाण्याचं बोलताहेत. “एकुलता एक काय? मग मी कोण, शेजाऱ्यांचा?”

“अरे...”

“ओठ हलवू नकोस, कापेल. आई गेली तेव्हा मला आधी का नाही कळवलंस?”

“ते...”

“हलू नकोस म्हटलं ना. शेवटी तिनं माझं नाव काढलं होतं का?”

प्रश्न विचारायचा आणि उत्तराला बंदी करायची, हे साहेबांनी नोकरीत आयुष्यभर केलं होतं. खुर्चीच्या या बाजूनं ते कसं लागतं, हे त्यांना आज कळत होतं. नाकाशेजारून एक थेंब फेसात उतरला. तो घामाचा असेल, ऊन होतंच.

वस्तरा डाव्या बाजूनं चालला. पांढरे केस फेसासकट वाटीत पडले. मध्यावर येऊन तो बरोब्बर थांबला. काकांचा पण पुरा झाला. आता फक्त ‘ब्लेड बोथट झालं बुवा’ म्हणायचं, वाटी उचलायची आणि चालू लागायचं. सगळ्यांचे मोबाइल वर आले होते. व्याही तर खुर्चीवर चढले होते. असा फोटो मिळाल्यावर त्यांना कासवाची गरजच नव्हती.

काकांनी ओल्या फडक्यानं डावी बाजू पुसली, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

ओठाची डावी कड किंचित वर मुरडलेली होती.

तशी कड त्यांनी एकाच माणसाची पाहिली होती. आई रागावली तरी तिची ती कड वरच जाई. त्यामुळे तिच्या रागावर घरात कुणाचा विश्वास बसत नसे. ती हातात लाटणं घेऊन उभी असली तरी पोरांना वाटे, आता हसेल. तोच ओठ. दादाच्या तोंडावर इतकी वर्षं झाकून ठेवलेला. दादाला स्वतःलाही त्याचा पत्ता नसावा.

मधल्या रेषेच्या अलीकडे आई होती आणि पलीकडे बाबांची मिशी लावलेला साहेब.

“काय झालं?” व्याही ओरडले. “ब्लेड गेलं का?”

हो म्हणायचं होतं. तेवढंच तर म्हणायचं होतं. पण अर्ध्यावर काही केल्या नजर ठरेना. दादाच्या अब्रूची त्यांना तेव्हाही पर्वा नव्हती. त्यांना आईचा उरलेला ओठ बघायचा होता.

काकांनी उजव्या बाजूला पुन्हा फेस लावला.

सगळी उतरली तेव्हा टाळ्या पडल्या. वहिनीनं हात तोंडावर नेला आणि टाळी वाजवली नाही. काकांनी मास्क घेतला, दादाच्या डोळ्यांवर, नाकावर बसवला, पट्टा मागे ओढला. मास्क लावल्यावर माणसाचं कपाळ, डोळे, नाक, हुद्दा, सगळं झाकलं जातं. उरतं फक्त तोंड. काचेखालून आई त्यांच्याकडे बघत नव्हती, पण बोलेल असं वाटत होतं.

“आ कर,” काका म्हणाले, आणि त्यांनी नळी आईच्या त्या ओठांत दिली.

या वेळी पाण्याचा थेंबही आत गेला नाही. साहेब बराच वेळ पालथे तरंगत राहिले. वर आले तेव्हा लहान मुलासारखे ओरडत होते, “कासव! दोन! दोन आहेत!” व्याह्यांचं तोंड उतरलं. ताईनं किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि नंतर साहेबांची मिशी होती की नव्हती हे कुणालाच आठवेना. काका मास्क गोळा करत राहिले. एकदा दादा पेला हातात घेऊन त्यांच्या दिशेनं चार पावलं आला, व्याह्यांनी हाक मारली, आणि तो वळला.

धक्का आला. प्रवासी टोपलीतून आपापले जोडे ओळखून उतरू लागले. काहींनी दुसऱ्यांचेही ओळखले. वहिनी उतरताना थांबली. “येते, भाऊजी,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. व्याही दोन पेल्यांपलीकडे होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

दादा सर्वांत शेवटी आला. बूट घालायला खाली बसला आणि नाड्यांशी बोलावं तसं बोलू लागला.

“विचारायची. दार वाजलं की म्हणायची, धाकटा आला का बघ.”

“आणि तू?”

“मी म्हणायचो, निघालाय.”

“दर वेळी?”

“दर वेळी.” नाडी बांधून झाली होती, दादानं ती सोडून पुन्हा बांधली. “तिला पटायचं. म्हणायची, लांबून येतोय ना, वेळ लागणारच.”

काकांनी खिशात हात घातला, डबी काढली आणि दादाच्या तळहातावर ठेवली.

“हे काय?”

“व्हॅसलीन. मिशीवर लावायचं. पाणी शिरत नाही.”

दादानं झाकण उघडलं. आतला गुळगुळीत थर पाहिला, त्यावर उमटलेला वर्षानुवर्षांचा बोटाचा खळगा पाहिला. “म्हणजे हे लावलं असतं तर...”

“मिशी राहिली असती.”

दादानं मान वर केली. ओठाची डावी कड हळूहळू वर गेली. हे हसू की राग, काकांना सांगता येईना. तो ओठ लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ते कधीच सांगता आलं नव्हतं.

“व्याही! चला की हो!” धक्क्यावरून व्याह्यांचा आवाज आला.

दादानं डबी बंद केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि उघड्या ओठावर रुमाल धरून उतरून गेला.

बोट रिकामी झाली. ताई पेले विसळत होती, काका पिंपात मास्क.

“डबी दिलीत?” ताईनं विचारलं.

“दिली.”

“आणि खिशातलं दुसरं?”

“ते आहे की,” काका म्हणाले. “त्याला झाकण नसतं, ते द्यायचं कशात?”

ताईनं पुढचा पेला विसळायला घेतला. काका एकेक मास्क बुचकळून, झटकून दोरीवर टांगत गेले. एकाच्या रबराला आतून दोन पांढरे केस चिकटले होते. तो त्यांनी बाजूला ठेवला, बाकीचे सगळे धुतले, दोरी भरली, पिंपातलं पाणीही बदललं, आणि मग तो हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.