रुळांकाठची नाचणी

मी एक जुनी, टेबलावरची रेल्वे आहे. नुसती खेळण्यातली गाडी म्हणाल तर मला राग येईल हं! माझ्यात दोन स्टेशनं आहेत, पूल आहे, बोगदा आहे आणि सगळ्यांना वळसा घालून जाणारे पोलादी रूळ आहेत. गिरगावातल्या एका ख्रिस्ती वाडीत हेन्रीच्या बाहेरच्या खोलीचा अख्खा कोपरा मी अडवून बसले आहे.

मित्रांनो, माझ्या हेन्रीसारखा कारागीर शोधून सापडायचा नाही. त्याने जन्मभर दातांच्या कवळ्या बनवल्या. त्यामुळे माझा डोंगर दातांचे साचे काढायच्या प्लास्टरचा होता आणि माझ्या स्टेशनाच्या छपराला कवळीच्या हिरडीचा गुलाबी रंग आहे. हसता काय? असं छप्पर दुसऱ्या कुठल्या स्टेशनाला आहे, सांगा बरं! इंजिन त्याने चोरबाजारातून बंद पडलेलं आणलं आणि स्वतः खटपट करून चालू केलं. शेतं लाकडाच्या भुशाची, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेली. हे सगळं त्याने कुणाला दाखवायला केलं नाही. संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसायचं, गाडी सोडायची आणि गालातल्या गालात हसायचं, एवढीच त्याची हौस.

माझ्याआधी या कोपऱ्यात दर नाताळला गोठा मांडला जायचा. हेन्रीची बायको बीट्रिस आणि मुलगी एलिना पंधरा दिवस आधी पत्र्याच्या डब्यांत नाचणी पेरायच्या. कोवळी हिरवळ उगवली की तिच्या मधोमध बाळ येशूचा गोठा. मग एलिना लग्न होऊन कॅनडाला गेली. हेन्री म्हणाला, "आता गोठा कुणासाठी मांडायचा? घरात लहान कोण आहे?" आणि त्याने कोपऱ्यात प्लायवूड ठोकलं. माझ्याखालची लादी बीट्रिस रोज पुसायची, पण मला हात लावायची तिला मनाई होती.

गेल्या डिसेंबरात भावाचं ऑपरेशन झालं म्हणून हेन्री वसईला गेला, तो चांगला दहा दिवस तिकडेच राहिला. तो गेला त्याच दिवशी शेजारच्या सुभद्राताई वाटी घेऊन दारात आल्या.

"आमच्या गावची नाचणी हाय, बीट्रिस. कशी रुजते बघच तू!"

बीट्रिस वाटीकडे बघत राहिली. मग तिने माझ्या भुशाच्या शेतांवर माती पसरली, नाचणी पेरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला लागली. मी मनातल्या मनात बोंबलत होते, "अगं बाई, मी रेल्वे आहे, कुंडी नाही!" पण ऐकतंय कोण? माझं प्लायवूड फुगलं, रुळांवर गंज चढला. नाचणी मात्र मस्त तरारून आली.

हेन्री परतला. बॅग दारात ठेवून सवयीने गाडी सोडायला गेला. इंजिन वीतभर गेलं, खरखरलं आणि कलंडलं.

"कोणी केलं हे?" त्याचा आवाज कधी नव्हे तो चढला.

"मी केलं," बीट्रिस म्हणाली. "खरं शेत तुला आवडेल असं वाटलं रे."

"इतक्या वर्षांची मेहनत, बीट्रिस! सगळी वाया घालवलीस!"

"एलिना गेली तेव्हा तुला ही गाडी मिळाली, हेन्री." "मला काय मिळालं? माझा गोठापण गेला."

हेन्री मटकन खुर्चीत बसला. मला वाटलं, संपलं सगळं. आता या दोघांचा अबोला आणि मी भंगारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने करवत काढली. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे कुठे आहेत! त्याने रूळ उपसून घासले, फुगलेलं प्लायवूड कापून टाकलं आणि मग चक्क माझा डोंगर उचलून बाजूला ठेवला. त्याचा सगळ्यात लाडका डोंगर! त्या जागी पत्र्याचा मोठा ट्रे बसवला, रूळ त्याच्या कडेने वळवले आणि नाचणी मातीसकट हलक्या हाताने ट्रेमध्ये रोवली. आता कितीही पाणी घाला, मला थेंब लागायचा नाही. मधोमध थोडी जागा त्याने मोकळी सोडली होती.

"बीट्रिस," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "इकडे ये गं. गोठ्याला एवढी जागा पुरेल का, बघ."

ती पदराला हात पुसत आली आणि तिथेच उभी राहून रडायला लागली. हेन्रीसारखा माणूस लाखात एक, हे मी उगाच नाही म्हणत.

डोंगराचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, माझ्यासारखी एखादी हौस तुमच्या घरातही असेल. तिच्यावर धूळ बसू देऊ नका, तिला ओल लागू देऊ नका. आणि ती ज्या कोपऱ्यात मांडाल, तो कोपरा आधी कुणाचा होता, हे घरात एकदा विचारून घ्या.