नवऱ्याचं नाव

डॉक्टरांनी म्हातारीच्या उजव्या तळहातावर आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, "दाबा."

दौलतच्या आईनं दाबलं, पण जेमतेमच. कोपरीपलीकडच्या मिठागरात जन्म काढलेली बाई. गेल्या अमावास्येला तिचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तेव्हा मुलानं, दौलतनं, बैलगाडीत घालून तिला ठाण्याच्या इस्पितळात आणली. परक्या पुरुषाशी बोलायला बायका बुजतात, म्हणून अशा वेळी डॉक्टरांची बायको सुमती खाटेशेजारी बसे.

"आज खाडीला भरती कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिस कलला का."

"गाईचं नाव काय?"

"कपिली."

"आणि नवऱ्याचं?"

म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. वरून दोन डोळे सुमतीकडे वळले. त्यांत चक्क हसू होतं. काय बाई हा माणूस, असं.

"नवऱ्याचं नाव गेलं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टाक शाईत बुडवला.

सुमतीही हसायच्या बेतात होती. पण डॉक्टर थट्टा करत नव्हते. ते लिहीत होते.

हा प्रश्न बायकांना विचारायचा नाही, असं ठरवलं होतं ते डॉक्टरांनीच. "नाव न घेणं ही रीत झाली, विसरणं नव्हे. भावाचं विचारा," असं ते हाताखालच्यांना बजावत. म्हातारपणी बुद्धी का जाते, या एका गोष्टीमागे ते कैक वर्षं होते. वयानं जाते, असं सगळे म्हणत. ते म्हणत, मेंदूतल्या बारीक शिरा बुजतात आणि दर खेपेला मेंदूचा एकेक तुकडा मरतो. पुराव्यादाखल माळ्यावर स्पिरिटमध्ये मेंदू ठेवलेल्या बरण्या होत्या; त्यांच्यापायी दोन स्वयंपाकिणी काम सोडून गेल्या होत्या. मुंबईच्या सभेत वाचायचा निबंध आता लिहून होत आला होता.

"ही घसरण नव्हे, जिना आहे," ते जेवताना सांगत. "माणूस एक पायरी उतरतो आणि तिथंच थांबतो. घरच्यांना वाटतं, बरा झाला."

श्रावणात संध्या करताना त्यांच्या हातातून पळी पडली होती. हातावर झोपलो असेन, ते म्हणाले. इतकी वर्षं भाताबरोबर मेंदू ऐकलेल्या सुमतीनं पळी उचलून परत त्यांच्या हातात दिली होती.

दिवेलागणीला डॉक्टर ओटीवर निबंधाची पानं लावत होते. सुमती दिवा घेऊन आली आणि तिथंच टेकली.

"त्या आजींना भावाचं नाव विचारायचं राहिलं आज," ती सहज म्हणावं तसं म्हणाली.

"भावाचं कशाला?"

तिनं दिव्याची वात उगाच पुढं सारली.

"मी तरी कुठं कधी तुमचं नाव घेते?"

डॉक्टरांनी मान वर केली. तिच्याकडे नीट पाहिलं, आधी तोंडाच्या एका कडेला, मग दुसऱ्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"कधीपासून होतंय असं?"

सुमतीनं वात पुन्हा मागं घेतली.

"घाबरायचं नाही. सावकाश आठवा."

तिला त्यांनी आजवर कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्यांनी एक कोरा कागद पुढं ओढला, टाक बुडवला आणि वाट पाहत राहिले. शाईचा थेंब टोकाशी जमत गेला.

"गुरुदत्त," सुमती म्हणाली. उखाण्याबाहेर, जन्मात पहिल्यांदा. जीभ अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते नाव लिहून घेतलं. "आणि हे तुमचे कोण?"

सुमतीनं त्यांच्या बोटांतून टाक काढून बाजूला ठेवला. त्यांचा उजवा हात उघडून तळव्यावर आपलं बोट ठेवलं.

"दाबा," ती म्हणाली.