चहाआधीचे पाच प्रश्न

"त्याचे बूट पाहिलेत का? माझ्यापेक्षा चांगले होते!"

रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात सकाळच्या सुट्टीत नवा तंत्रज्ञ तावातावाने सांगत होता. समोरच्या चहाच्या दुकानात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चांगले चामडी बूट घातलेला एक माणूस आला, फळीवरचा बिल्ला काढून त्याने ओट्यावर ठेवला आणि फुकट चहा पिऊन निघून गेला.

त्या दुकानात भिंतीवर खिळे ठोकलेली एक लाकडी फळी होती. ज्याला वाटेल त्याने आपल्या चहाबरोबर आणखी एका चहाचे पैसे द्यायचे आणि पत्र्याचा एक बिल्ला खिळ्याला अडकवायचा. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने बिल्ला काढून ओट्यावर ठेवायचा आणि गरम चहा घ्यायचा. दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्यांनीच ही पद्धत पाडली होती. रस्त्यावर झोपणारी माणसं सकाळी येत, चहा घेत, जात. कोणी कोणाला काही विचारत नसे. सगळ्यांत जास्त बिल्ले रक्ततपासणी विभागाचेच असत आणि त्याचा विभागाला अभिमान होता.

त्या अभिमानाला त्या दिवशी बूट लागला.

"म्हणजे आपण इथे घाम गाळायचा आणि तिकडे भलत्याचंच फावायचं!" कोणीतरी म्हणालं.

"गरजू कोण, हे ठरवणार कसं?" विभागाचे साहेब म्हणाले आणि सवयीने सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं.

ताई म्हणजे विभागातल्या सगळ्यात ज्येष्ठ तंत्रज्ञ. पाठीमागे त्यांना काटेकोरताई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. लेबल नसलेलं सॅम्पल त्यांच्या टेबलावरून परत जायचं, मग ते आणणारा कितीही मोठा डॉक्टर असो. नाव नाही, वय नाही, तर तपासणी नाही. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं.

"सोपं आहे," ताई म्हणाल्या. "लेबल हवं."

दुपारपर्यंत फॉर्म तयार झाला. नाव, वय, रात्री कुठे झोपता, बेघर होण्याचं कारण, सही किंवा अंगठा. पाच प्रश्न, ठळक अक्षरांत. कारणासाठी दोन ओळी सोडलेल्या. साहेबांनी वाहवा केली.

मावशींनी मात्र कागद हातातसुद्धा घेतला नाही. "ताई, हे चहाचं दुकान आहे, पोलीस चौकी नाही."

"मावशी, पैसे आमचे आहेत. ते योग्य माणसाला पोचतात का, एवढंच बघायचंय. नाहीतर विभाग बिल्ले लावणं बंद करेल."

बिल्ले बंद झाले असते तर चहाही बंद झाला असता. मावशींनी फॉर्मचा गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि त्याला दोरीने पेन बांधलं.

थंडी वाढली. पहाटेचा पारा चारवर आला. आणि गंमत अशी, की फळीवरचे बिल्ले संपेनासे झाले! रोज जेवढे लागायचे तेवढे तसेच राहायचे. पंधरा दिवसांत फक्त तिघांनी फॉर्म भरला.

"बघा," साहेब म्हणाले, "खरे गरजू किती निघाले? तीन! बाकी सगळे फुकटे."

विभाग हसला. ताईही हसल्या.

वाचकहो, इथे राग यावा अशी गोष्ट आहे. ही सगळी विज्ञान शिकलेली माणसं होती. यंत्राने चुकीचा आकडा दाखवला तर आधी यंत्र तपासायचं, हे त्यांना झोपेतसुद्धा ठाऊक होतं. दारावर पहारा बसवला, माणसं यायची थांबली, आणि यांनी निष्कर्ष काढला की माणसांना तहानच नव्हती! आपलं यंत्र तपासावं असं एकालाही वाटलं नाही. का? कारण निष्कर्ष सोयीचा होता. गरिबांबद्दल सोयीचा निष्कर्ष काढताना आपण सगळेच अडाणी होतो.

सोळाव्या दिवशी सकाळी पावणेआठला कॅज्युअल्टीतून रक्ताची एक नळी आली. लेबलवर लिहिलं होतं, 'अनोळखी स्त्री, अंदाजे साठ'. ताईंनी ती लगेच यंत्रात लावली. साखर अडतीस आली. त्यांनी पुन्हा तपासली, तरी अडतीस. त्यांनी धावत जाऊन फोन उचलला, "साखर अडतीस, ताबडतोब ग्लुकोज लावा," असं सांगितलं. एवढ्या कमी साखरेवर माणूस शुद्धीत राहत नाही. आणखी उशीर झाला असता तर ती नळी तपासून उपयोग झाला नसता.

काम आटोपून त्या दुकानात गेल्या. रांगेत सात-आठ जण होते.

"मावशी, एक कडक."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गाळणी खाली ठेवली.

"शालवालीला नेलं आज. कळलं का?"

"कोण शालवाली?"

"करड्या शालीची बाई. बंद बँकेच्या पायऱ्यांवर झोपते. रोज साडेसहाला यायची, तीन चमचे साखर घालून घ्यायची. सकाळी पोटात जायचं ते तेवढंच. तुमचा कागद आला त्या दिवशी आली, बिल्ला काढला, कागद वाचला. वाचता येतं तिला. आणि बिल्ला परत खिळ्याला लावून गेली. तेव्हापासून आलीच नाही. आज सफाईवाल्यांना पायरीवर सापडली, लाकडासारखी. मी दोनदा चहा घेऊन गेले होते, तर म्हणाली, 'चोरून नको, मावशी. तुमचे बिल्ले बंद होतील.'"

ताईंना ती नळी आठवली. आणि त्या उलट रागावल्याच.

"मग भरायचा ना फॉर्म! एक मिनिटाचं काम! एवढा कसला ताठा?"

"ताठा?" मावशींचा आवाज चढला. "ताठा? थांबा हं."

त्यांनी फॉर्म उचलला आणि ताईंसमोर आपटला.

"चहा हवाय ना? भरा."

"मावशी, काहीतरीच काय! मी पैसे देते..."

"पैसे तिच्या चहाचेही दिलेले होते! भरा म्हणते ना. नाव मला ठाऊक आहे. वय टाका. पुढचा प्रश्न. रोज सकाळी सहा वाजता घर सोडून इथे चहाला का येता? तुमची ड्यूटी साडेसातला. घरात गॅस नाही? कपबशी नाही? कारण लिहा. दोन ओळी आहेत."

रांगेतल्या प्रत्येकाने आता मान वळवली होती. मागे नवा तंत्रज्ञही उभा होता.

कारण होतं. ताई भावाच्या घरी राहत. सकाळी वहिनींना स्वयंपाकघरात कोणी आलेलं खपत नसे. 'तुमचं आपलं पहाटेपासून भांड्यांचा आवाज,' असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या, आठ वर्षांपूर्वी. दुसऱ्या दिवसापासून ताईंनी त्या घरात सकाळचा चहा घेतला नव्हता. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. भावालासुद्धा नाही.

त्यांनी पेन उचललं. ठेवलं.

"नाही लिहिता येत ना?" मावशी आता हळू बोलल्या, पण राग उतरला नव्हता. "आठ वर्षं येताय. मी कधी विचारलं? मला समजत नाही असं वाटतं तुम्हाला? माणूस सकाळी सहाला घराबाहेर चहा पितो, तेव्हा घरात काहीतरी असतंच. म्हणून मी तुमच्या पुढ्यात कप ठेवते आणि तोंड मिटते. चहाबरोबर एवढं द्यावंच लागतं, ताई. नाहीतर चहा कडू लागतो."

"पण..." ताई पुटपुटल्या, "पण नियम काहीतरी हवाच ना, मावशी. नाव-गाव न बघता..."

"तुमच्याकडे आज तिचं रक्त आलं असेल. तपासलंत?"

"हो."

"नाव होतं त्यावर?"

"नाही. अनोळखी."

"मग परत नाही पाठवलंत?"

"तिथे नियम वेगळा असतो. जिवाचा प्रश्न असतो. आधी तपासायचं, नाव नंतर."

"आणि चार अंशांच्या थंडीत पायरीवर काय असतं? सहल?"

रांगेतला एक म्हातारा खाकरला. मावशींनी कडक चहा ओतला आणि कप पुढे सरकवला. ताईंनी तो घेतला नाही. त्या रस्ता ओलांडून थेट वॉर्डात गेल्या.

शालवाली शुद्धीवर आली होती. अंगावर दोन ब्लँकेटं, हाताला सलाईन. डोळे चांगले तीक्ष्ण होते.

"तुम्ही कोण? अजून रक्त घ्यायचंय का? शिल्लक नाही फारसं."

"नाही," ताई म्हणाल्या. उभ्याउभ्याच एका दमात बोलून टाकलं. "दुकानातला तो फॉर्म मी केला होता. माझी चूक झाली."

बाईंनी मोकळ्या हाताने ब्लँकेट वर ओढलं.

"अक्षर ठळक होतं," मग म्हणाल्या. "चष्मा नसूनही वाचता आलं."

ताई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"कारणासाठी दोन ओळी ठेवल्या होत्यात तुम्ही. माझं कारण दोन ओळींत मावत नाही. आणि मावलं असतं तरी मी लिहिलं नसतं. घर गेलं, माणसं गेली. ते एक माझ्याकडे राहिलंय. ते कपभर चहासाठी ओट्यावर ठेवून जाऊ?"

"नका ठेवू," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला.

"रडू नका हो," बाई वैतागून म्हणाल्या. "आधीच मला सलाईन टोचतंय, त्यात तुमची समजूत कुठे काढू? जा कामाला."

ताई कामाला गेल्या. अकराच्या सुट्टीत सगळा विभाग जमला तेव्हा त्यांनी दुकानातून परत आणलेले फॉर्म सर्वांसमोर फाडले.

"अहो ताई!" साहेब दचकले. "आकडे तर आपल्या बाजूने होते!"

"आकडे बरोबर होते, साहेब. निष्कर्ष खोटा होता आणि तो आपण हसत काढला. पंधरा दिवस माणसं आपल्यामुळे थंडीत उपाशी बसली आणि आपण त्यांना फुकटे म्हणालो! आज सकाळी मी अडतीस साखर कळवली ना, ती आपण पाडलेली साखर होती. ही चूक एखाद्या यंत्राने केली असती तर मी ते भंगारात दिलं असतं."

मग नवा तंत्रज्ञ हळूच म्हणाला, "पण ताई, ते बूट..."

"बूट!" ताई इतक्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरच्या बाकावरचे रुग्ण आत डोकावले. "कोणीतरी दिले असतील. त्याच्या चांगल्या दिवसांतले असतील. चोरलेले असतील! थंडीत पाय गोठू नयेत म्हणून घातले त्याने. चहा मिळायला पाय उघडे असावे लागतात का? आणि समज, दहांतला एक लबाड निघाला. तो एक कप जास्त प्यायला. बिघडलं काय? त्या एकाला अडवायला आपण नऊ जणांच्या तोंडचा कप काढला!"

साहेबांना हे पटलं नाही. त्यांनी त्या दिवसापासून बिल्ले लावणं सोडलं, आणखी दोघांनीही. ताईंनी कोणाची मनधरणी केली नाही. ज्यांना पटलं ते राहिले, आणि फळी पुन्हा सकाळी भरू लागली, दुपारी रिकामी होऊ लागली.

नऊ दिवसांनी, साडेसहाला, करडी शाल दुकानाच्या दारात दिसली. ताई, नवा तंत्रज्ञ आणि आणखी तिघे तिथेच होते. तंत्रज्ञाने पुढे होऊन "आता कसं वाटतंय..." म्हणायला तोंड उघडलं, तोच ताईंनी त्याचा पाय दाबला.

बाईंनी बिल्ला काढला, ओट्यावर ठेवला, चहा घेतला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "मावशी, साखर विसरलात."

मावशींनी तीन चमचे घातले. बाईंनी चहा संपवला, शाल नीट केली आणि कोणाकडेही न बघता निघून गेल्या.

"थँक्यूसुद्धा नाही म्हणाल्या," तंत्रज्ञ पुटपुटला.

"तू हिटरला रोज थँक्यू म्हणतोस?" ताईंनी विचारलं. "ऊब घेतोस आणि कामाला लागतोस. त्यांनाही तसंच घेऊ दे."

नागरिकहो, आपल्याला देणं जड जात नाही. न विचारता देणं जड जातं. द्यायच्या आधी आपल्याला त्याची कहाणी हवी असते, डोळ्यांत पाणी हवं असतं, नंतर आभार हवे असतात. एवढं सगळं वसूल केल्यावर मागे दान कितीसं उरतं? ज्याला थंडी वाजते त्याला गरम काहीतरी लागतं, यासाठी दुसरा पुरावा नको. पुढच्या वेळी 'हा खरंच गरजू आहे का' असं ओठांवर आलं, तर तो प्रश्न गिळा आणि आधी कप पुढे करा. चहा गरम आहे तोवरच त्याचा उपयोग आहे.