ब्राँझच्या बाईचे गोड अश्रू

सकाळी सात वाजताच चाळीसेक माणसं पुतळ्यांच्या बागेत ब्राँझच्या बाईसमोर गुडघे टेकून बसली होती. बाई रडत होती. डोळ्यांतून चिकट थेंब गालांवर ओघळत होते आणि चक्क गोड लागत होते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधली शिकलीसवरलेली मंडळी ही! जीभ बाहेर काढून थेंबाची वाट बघत होती.

"धरतीमाता तुमच्यासाठी रडतेय," लायल सांगत होता. महिन्यापूर्वी हा महापुरुष जुन्या गाड्या विकायचा. "गोळ्या, सुया म्हणजे भीतीचं खाद्य! थेंब घ्या, शरीराची कंपनं जुळतील."

मी निवृत्त नर्स, माझी मैत्रीण नोरीन निवृत्त विज्ञानशिक्षिका. रोज फिरताना आम्ही हा तमाशा टाळून जायचो. त्या दिवशी बाकावर शेजारीण ग्लेनिस दिसली आणि मी थबकले. ओठ सुकलेले, धाप लागलेली, श्वासाला नासक्या फळांचा वास.

"ग्लेनिस, इन्सुलिन घेतलंस?"

"चार दिवस नाही. लायल म्हणाला, थेंब पुरतात."

"अगं बये, मधुमेह तुला, आणि साखर चाटतेस?"

मी तिथूनच रुग्णवाहिका बोलावली. लायल हसला. "ताई, तुमची शंकाच तिला आजारी पाडतेय."

"असं?" नोरीननं बाईचा चेहरा पुसला आणि तिच्या डोक्यावर छत्री धरली. दहा मिनिटं झाली. बाई काही रडेना. छत्रीवर मात्र बारीक थेंब पडत होते. शेजारचा कचऱ्याचा डबाही चिकट झाला होता.

"हाही रडतोय, लायल. याच्याही पाया पडायचं?"

मग तिनं वरच्या निलगिरीचं पान तोडून पांढऱ्या खवल्याखालचा किडा दाखवला. "हा पानातला रस पितो आणि जास्तीची साखर मागून टाकतो. ती बाईच्या कपाळावर पडते आणि भुवईवरून डोळ्यांत उतरते. तुम्ही किड्यांची घाण चाटताय."

तिघं-चौघं थुंकले. एकजण तरीही म्हणाला, "पण किडेही धरतीमातेनंच पाठवले असतील!" अशा डोक्याला काय म्हणावं?

ग्लेनिस तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली. लायलनं साधा फोनही केला नाही.

चालू औषध सोडा म्हणणारा कितीही गोड बोलो, त्याच्याकडे पुरावा मागा. तो नुसता हसला, तर तडक डॉक्टरांकडे जा.