माइक चालूच होता

युनिटमध्ये तिला सगळे कानसेन म्हणत. ध्वनिमुद्रण तिच्याकडे होतं आणि तिसऱ्या गल्लीत मोटार वळली तरी ती हात वर करून शॉट थांबवायची. सिनेमा छोटासा, आठ-दहा माणसांचा, एका रिकाम्या फ्लॅटमध्ये चाललेला. गोष्ट एका जोडप्याची. नवरा पावडरीच्या नादी लागलेला आणि त्याला सोडवता सोडवता बुडत चाललेली बायको.

पडद्यावरच्या या नवऱ्याचं काम करणारा नट कानसेनचा खराखुरा नवरा होता. फार वर्षांपूर्वी एका श्रुतिकेच्या वेळी हेडफोनमधून त्याचा आवाज ऐकला आणि तिथेच ती त्याच्या प्रेमात पडली. पुढे सहा वर्षं पावडरीनं दोघांना खाल्लं. आता चौदा महिने त्यानं पावडरीला हात लावला नव्हता.

"भाजलेला हात पुन्हा विस्तवात कशाला घालायचा?" तिच्या ताईनं विचारलं होतं.

"दुसरं कोण काम देतंय त्याला? आणि मी आहे ना तिथे, डोळ्यांत तेल घालून."

तेल घातलं डोळ्यांत, पण कळलं ते कानांना.

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर नवरा बाथरूममध्ये गेला. सकाळी तिनंच त्याच्या छातीवर माइक चिकटवला होता, आणि तो बंद करायला तो विसरला. नट मंडळी नेहमीच विसरतात. अशा वेळी ती शरमेनं आवाज खाली करायची. आज तिचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला; मुद्रण चालूच राहिलं. कडी लागली. मग चंदेरी कागदाची चुरचुर. लायटर पेटला. मग एक लांब, आत ओढलेला श्वास. बंद दाराशी उभं राहून हा श्वास तिनं सहा वर्षं ऐकला होता.

ती दिग्दर्शकाकडे गेली. "आजचं शूटिंग थांबवा. त्यानं घेतलीय."

"दोनच शॉट राहिलेत. उद्या फ्लॅट सोडायचाय," दिग्दर्शक म्हणाला. "आणि नाहीतरी प्रसंगात तो घेतलेलाच दाखवायचाय ना?"

"ही पावडर माणसाला झोपवत नाही, पिसाळवते. तो आज मारेल."

"कपाटाला मारेल. लिहिलंयच तसं."

तिला सामान आवरून निघता आलं असतं. सगळ्यांसमोर ओरडता आलं असतं. पण मग नवऱ्याचं बिंग फुटणार, त्याचं हेही काम जाणार. ती गप्प बसली आणि तिनं हेडफोन चढवला.

प्रसंग असा होता की बायकोनं पुडी लपवली आहे आणि नवरा तिच्या डोक्याशेजारी कपाटावर गुद्दे मारतो. पहिला गुद्दा कपाटावर बसला. दुसराही. तिसऱ्याचा आवाज वेगळा आला, ओला. तो बायकोचं काम करणाऱ्या नटीच्या तोंडावर बसला होता.

दिग्दर्शक "कट" म्हणाला नाही.

नवऱ्यानं नटीचे केस धरले आणि तिचं डोकं कपाटाच्या मुठीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. एक दात फरशीवर टणकन पडला. "थांब," नटी म्हणाली, "अरे, खरंच थांब." हे वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती खाली कोसळली, तसा तो तिच्या पोटात लाथा घालू लागला.

कानसेननं हेडफोन फेकला आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. "अरे, मी आहे! बघ, मी!"

तो वळला. त्यानं तिला ओळखलं, हे तिला स्पष्ट दिसलं. ओळखून त्यानं दिव्याचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला तडाखा खांद्यावर आला, दुसरा डाव्या कानावर. कानात काहीतरी फाटलं आणि उबदार रक्त मानेवरून कपड्यांत उतरलं. पडता पडता तिनं त्याच्या पायातली वायर जिवाच्या आकांतानं ओढली. तो तोंडावर आपटला. कॅमेरामन आणि लाइटवाला त्याच्या पाठीवर बसले, तेव्हा त्यानं लाइटवाल्याच्या मनगटाचा लचका तोडला.

नटीचा जबडा तारांनी बांधावा लागला. कानसेनचा डावा कान गेला तो गेलाच.

चौथ्या दिवशी ती कोठडीत नवऱ्याला भेटली. तो हात जोडून रडत होता. "सांग ना त्यांना, अभिनय करता करता तोल गेला म्हणून. आणि माझा माइक चालूच होता, ते मला मागून आठवलं; बाथरूममधलं तेवढं पुसून टाक. तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

तिथून ती दवाखान्यात गेली. नटीला बोलता येत नव्हतं. तिनं वहीवर लिहिलं, 'तुला आधी माहीत होतं?'

"हो," कानसेन म्हणाली.

नटीनं उशाजवळचा पेला उचलून तिला मारला. तो कपाळावर फुटला. नर्स धावत आली, पण कानसेन हलली नाही. नटीनं पुन्हा वही ओढली आणि लिहिलं, 'जा.'

कपाळाला पट्टी बांधून ती पोलीस चौकीत गेली आणि ध्वनिमुद्रणाचं कार्ड टेबलावर ठेवलं. "यात सगळं आहे. त्याचं बाथरूममधलं, मारहाणीचं. आणि 'तो आज मारेल' असं मी दिग्दर्शकांना सांगितलं, तेही. तेव्हा सेटवर टांगलेला माइकही चालू होता."

अधिकाऱ्यानं तिच्याकडे बघितलं. "म्हणजे ठपका तुमच्यावरही येईल, बाई."

"येऊ दे."

सिनेमा तिथेच बंद पडला. दिग्दर्शकाला कोर्टात उभं राहावं लागलं, तिलाही. नवऱ्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. नटी तिच्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिनंही माफीचा आग्रह धरला नाही.

ती ताईकडे राहायला गेली. काही महिन्यांनी तिनं तुरुंगात घटस्फोटाचे कागद पाठवले. तो अडून बसेल, शिव्या देईल, असं धरून तिनं मन घट्ट केलं होतं. आठवड्याच्या आत कागद परत आले. प्रत्येक पानावर त्याची सही होती, सरळ आणि स्वच्छ अक्षरात, लग्नाच्या वेळी केली होती तशी.

"सुटलीस गं बाई," ताई म्हणाली.

कानसेन कागद मांडीवर घेऊन बसली. मार खाताना, टाके घालताना, कोर्टात उलटतपासणीला उभी असताना जे आलं नव्हतं ते रडू तिला आता आलं, आणि संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.