भावजींना पहिला नंबर

रूळ जोडायचं काम शिकायला वहिनी आली, तेव्हा तिचा दीर तिथं आधीच हजर होता. तिला बघून त्याच्या कपाळावर जी आठी बसली, ती बसलीच. टोळीत जागा एकच होती. आज परीक्षा. ज्याचा सांधा पास, तो कामावर. दुसऱ्यानं घरी बसायचं.

"घरात दूध उतू जातं तुमचं, वहिनी. रूळ काय जोडणार?"

"इथं उतू गेलं तर सासूबाई नाहीत ना ओरडायला, भावजी."

"घरची भांडणं घरी," मास्तर खेकसला. "मला तुम्ही दोघंही सारखेच नकोसे आहात."

वहिनीनं दोन रुळांच्या फटीभोवती साचा आवळला, वाळू ठासली, बर्नरनं टोकं लाल केली. आता वर मडकं ठेवायचं, त्यात लोखंडी भुकटीचा मसाला भरायचा आणि पेटवायचा, की लोखंडाचा रस होऊन खाली फटीत उतरतो. मडकं मात्र कोरडं ठणठणीत हवं. जरा दमट असलं तर रस उसळून थेट तोंडावर. हे मास्तरनं इतक्यांदा सांगितलेलं की तिथल्या कावळ्यांनाही पाठ होतं.

एरवी दीर तिच्या मडक्यात नाक खुपसून चुका काढायचा. आज स्वारी पार हातगाडीच्या पलीकडे, हाताची घडी घालून उभी.

एवढा शहाणपणा याला कधी सुचला? वहिनीनं मडक्यात बोट फिरवलं. गार, दमट लागलं. तिनं पदर खोचला आणि हसली.

"मास्तर, भावजी माझ्याआधी आलेत. पहिला मान त्यांचा. सांधा तयार आहे, मडकंही माझंच घ्या. तेवढं पेटवू द्या त्यांना."

"चल रे," मास्तर म्हणाला.

"माझं मडकं आहे की."

"तिचं काय वाईट आहे?"

मास्तरनं दिराच्या हातात पेटवायची काडी दिली. तो मडक्याजवळ गेला, थांबला, घाम पुसला.

"ओलं असेल ते," तो पुटपुटला.

"हात न लावता कळलं?" मास्तरनं विचारलं.

मास्तरनं काडी काढून घेतली आणि त्याला फाटकाकडं बोट दाखवलं.

"आणि तू दात काय काढतेस? कोरडं मडकं आण. टोकं पुन्हा तापव. सांधा वाकडा निघाला तर तूही त्याच्या मागोमाग."

सांधा सरळ निघाला. मास्तरनं पट्टी लावून पाहिली, कौतुकाचा एक शब्द काढला नाही, नुसतं म्हणाला, "उद्या वेळेवर ये."

फाटकाशी दीर वाट अडवून उभा होता. "दादाला सांगणार?"

"सांगणारच. आधी सासूबाईंना. बाजूला व्हा."